डावं पान भांडणाचं

धुळ्यात आमच्या ओळीत जळालेल्या मोटारी भरून देणारी बारा दुकानं होती. मोटार भरायची म्हणजे तिच्यातली जळकी तार काढायची आणि नवी घालायची. तार किती जाड, वेढे किती, कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत शिरायचं, हे ज्याला ठाऊक तो उस्ताद, बाकीचे सगळे हमाल. हे आकडे प्रत्येक उस्ताद एका वहीत उतरवून ठेवी आणि ती वही कुलपात असे. एकाची वही तर त्याच्या बायकोच्या साड्यांच्या पेटीत असते, असं ओळीत बोललं जाई. त्याच ओळीतल्या आबांची वही मात्र दुकानाबाहेर, गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर, खिळ्याला सुतळीने टांगलेली होती. शेजारच्या खिळ्याला दुसऱ्या सुतळीने पेन बांधलेलं होतं.

मी आयटीआय करून आबांच्या बरोबर समोर दुकान थाटलं, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अंगात भरपूर मस्ती होती. पाटीवर 'शास्त्रशुद्ध रिवाइंडिंग' असं लिहून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी आबा रस्ता ओलांडून आले. बंडी, धोतर, एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा. पाटी त्यांनी दोनदा वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काखेतली वही टेबलावर ठेवली.

"लिखी ले, इंजिनेर. जे पाहिजे ते लिखी ले."

मला वाटलं, म्हातारा खोटे आकडे देऊन माझं दुकान पहिल्या महिन्यातच बसवणार. स्पर्धकाला कुणी आपला धंदा ताटात वाढून देतं का? मी एक जळकी मोटार उघडून वेढे मोजले आणि वहीशी ताडून पाहिले. बरोबर निघाले. दुसरी उघडली, तीही बरोबर. मग मात्र दोन दिवस हावऱ्यासारखी वही उतरवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी आभार मानून परत केली.

आबा माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसले ते बसलेच. तास झाला, दीड तास झाला. मी विचारलं, "आबा, काही हवं का?"

"इतलं लिधं ना? मंग एक तरी दे."

माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? शेवटी आयटीआयमध्ये भरलेल्या एका जुन्या पंख्याचा आकडा आठवून लिहिला. आबांनी तो वाचला, "बेस शे," म्हणाले आणि उठले. तेव्हापासून मीही त्या वहीचा एक लिहिणारा झालो. म्हणून माझं नाव 'इंजिनेर'. खरं नाव ओळीत कुणी विचारलंच नाही.

आबांचं नाव तरी कुणाला माहीत होतं? मोटारवाले आबा म्हटलं की शिरपूरपासून साक्रीपर्यंतचा माणूस बरोबर त्यांच्या दारात येई. त्यांच्या तऱ्हा मात्र सगळ्यांना पाठ होत्या. वेढे घालताना ते बोलत नसत. मनात मोजणी चालू असे आणि एक आकडा चुकला तर सगळी कॉइल उलगडून पुन्हा घालत. पण त्या वेळी विचारलेलं काहीही ते विसरत नसत. कॉइल संपली की सगळ्यांची उत्तरं एका दमात, ज्या क्रमाने प्रश्न आले त्याच क्रमाने देत. एकदा घरून त्यांच्या पत्नी माई आल्या, भाजी कुठली करू म्हणाल्या आणि वाट पाहून गेल्या. मग एका गिऱ्हाइकाने मोटार कधी मिळेल विचारलं. मग मी विचारलं की आबा, माझ्या लग्नाचं जमतंय, मुलगी पारोळ्याची आहे, तुमचं काय मत? दहा मिनिटांनी आबांनी तार तोडली आणि म्हणाले, "मेथी. परवादिन. करी टाक." गिऱ्हाईक मेथीचा विचार करत घरी गेलं. मी मात्र लग्न केलं आणि अजून तक्रार नाही.

दुसरी तऱ्हा चहाची. आबा चहाला शिवत नसत. कुणी फारच आग्रह केला तर कारण सांगत. जळगावात ज्या उस्तादाकडे ते शिकले, तो वेढे मोजायची वेळ आली की आबांना चहा आणायला पाठवी. कपबशी घेऊन परत येईपर्यंत मोजणी झालेली असे आणि आकडा उस्तादाच्या खिशात गेलेला असे. अशी बारा वर्षं आबांनी चहा आणला. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. उस्ताद जळकी कॉइल छिन्नीने कापून भंगारात टाकी. कापलेल्या गुच्छात जितकी टोकं तितके वेढे! आबा भंगार उचलताना टोकं मोजू लागले आणि आकडे मनात ठेवू लागले. वहीच्या पहिल्या पानावर तेच आकडे होते, भंगारातून वेचलेले. "माले जे चोरीसन शिकनं पडं, ते आते कोनले चोरनं पडू नये," असं ते म्हणत. एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं, त्यापुढे ते कधी बोलले नाहीत.

वहीचे कायदे मात्र कडक होते. उजवं पान आकड्यांचं, डावं पान भांडणाचं. उजव्या पानावरचा आकडा चुकीचा वाटला तर कुणीही खोडावा, पण एकाच रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरबटून काळं केलं की आबा सगळ्यांसमोर बोलत. खोडलं की डाव्या पानावर नाव, गाव आणि कारण लिहायचं. कारणही डोळ्यांनी पाहिलेलं हवं. मोटार किती दिवस चालली, किती करंट घेतला, कधी तापली. एकाने कारण म्हणून 'आबांनी सांगितलं' असं लिहिलं. त्याला आबांनी बाकड्यावरून उठवलं. "आबानी सांगं, हाई काय कारन व्हयनं? आबा काय मोटारमा बशेल शे?"

परवा माझी पुतणी कॉम्प्युटरवर एक विश्वकोश दाखवत होती. विकी की काय म्हणतात त्याला. कुणीही लिहा, कुणीही दुरुस्त करा, जुनं खोडलेलं सगळं मागे शिल्लक राहतं आणि वाद घालायला वेगळं पान. "काका, केवढी मोठी कल्पना आहे ना?" मी म्हटलं, आहे खरी, पण पेनाला सुतळी बांधली आहे का? तिला काही कळलं नाही. मला मात्र दिवसभर भरलेल्या मोटारीवर ओततात त्या वॉर्निशचा वास येत राहिला.

माझा पहिला आकडा खोडला तो खलीलभाईंनी. खलीलभाई जळगावचे, तिथे पिंप्राळ्याकडे त्यांचं दुकान होतं. महिन्यातून एकदा एसटीने येत, वही उतरवून घेत, भांडत आणि परत जात. मी पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीचे वेढे गणिताने काढून मोठ्या ऐटीत लिहिले होते. त्यावर एक सरळ रेघ, आणि डाव्या पानावर, 'दोन भरल्या, दोन्ही जळाल्या. खलील, जळगाव.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांची रेघ खोडली आणि सूत्रच लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात खलीलभाईंनी माझं सूत्र खोडलं. मी पुन्हा लिहिलं. डावं पान भरलं, मागचं भरलं. खलीलभाई म्हणाले, "अरे भाई, मोटर फॉर्म्युला थोडीच पढती है!" मी म्हणालो, "मोटार नसेल वाचत, भरणाऱ्याने वाचायला काय हरकत आहे?" ओळीतले लोक खलीलभाईंच्या एसटीची वाट पाहू लागले, इतकी ती करमणूक झाली.

आबांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. एके दिवशी दोघांना बाकड्यावर बसवलं. "दोन्हीजन आपापली मोटार आना. उघडा. मना समोर मोजा." आम्ही फुगलेल्या तोंडांनी मोटारी उघडल्या. कंपनी एक, नाव एक, ताकद एक, पण खलीलभाईंच्या मोटारीतला लोखंडी पत्र्यांचा थर माझ्यापेक्षा बोटभर आखूड होता. कंपनीने मधेच माप बदललं होतं आणि मापाबरोबर वेढेही बदलत. दोघेही बरोबर होतो आणि दोघांनीही सहा महिने शिव्या खाल्ल्या होत्या. आबांनी पानाचे दोन भाग करायला लावले, वर लांब थराची मोटार, खाली आखूड थराची. खलीलभाईंनी माझा आकडा आपल्या हाताने लिहिला, मी त्यांचा. त्या दिवसापासून आमची जी दोस्ती झाली ती त्यांच्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकली.

एवढं शिकूनही मी एक चूक केली. तशी चूक आमच्यासारख्या, वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून वाढलेल्या माणसांच्याच हातून होते.

सोनगीरच्या पलीकडे एक वस्ती होती. ती विजेच्या लाइनच्या शेवटाला, त्यामुळे व्होल्टेज कमी येई. तिथल्या मोटारी घरघरत आणि पाणी ओढत नसत. दहा वर्षांपूर्वी आबा तिथे तीन दिवस विहिरीच्या काठावर मीटर घेऊन बसले होते. येऊन त्यांनी वहीत लिहिलं की त्या वस्तीच्या मोटारीत चव्वेचाळीसऐवजी अडतीस वेढे आणि तार जाड. वेढे कमी केले की मोटार कमी व्होल्टेजवरही जोर धरते. पुस्तकात नसलेली ही विद्या. त्या आकड्यापुढे आबांचं नाव होतं आणि ओळीत त्या अडतीसला फार मान होता.

एका वैशाखात मी त्या वस्तीत पंप बसवायला गेलो, तर नवा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उभा! मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज पूर्ण येत होतं. आता अडतीस वेढ्यांची मोटार तिथे तापून जळणार, हे सांगायला आयटीआयचीही गरज नव्हती. परत आलो, वही काढली, पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. समोर आबांचं अक्षर. आबा आत वेढे घालत होते. आणि माझा हात उठेना. खलीलभाईंच्या आकड्यावर मी सहा महिने रेघा मारल्या होत्या, पण आबांच्या आकड्यावर रेघ? मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चिठ्ठी लिहिली, 'आबा, सोनगीरकडे नवा डीपी बसला आहे. अडतीस एकदा पाहून घ्यावे. राग नसावा.' ती पानात खोचली आणि मोठं सभ्य काम केल्याच्या समाधानात घरी जाऊन जेवलो.

वैशाखातल्या वाऱ्याने ती चिठ्ठी कुठे नेली, देव जाणे.

आठवड्याने त्या वस्तीतल्या अक्का टेम्पोत मोटार घालून आल्या. अक्का विधवा होत्या, शेती एकट्या पाहत आणि कुणाचं ऐकून घेत नसत. विहिरीवर भुईमूग उभा होता. आबांनी वही पाहिली, आकडा खोडलेला नव्हता, त्यांनी अडतीस वेढे घातले. पाचव्या दिवशी भर दुपारी अक्का परत आल्या. मोटार पुन्हा जळाली होती.

"आबा, मन्या शेंगा भराना दिन शेतस. आठ दिनमा पानी नही भेटनं तं हाती नुसती टरफलं येतीन. वरीसभर मी काय खाऊ?"

ओळ गोळा झाली. वहीवर कुणाचा राग नव्हता असं नाही. कोपऱ्यावरच्या उस्तादांचा तर होताच, कारण त्यांच्या कुलपातले निम्मे आकडे आबांनी फुकट करून टाकले होते. ते मोठ्याने म्हणाले, "हर कुणी येणार, हर कुणी लिहिणार, मग मोटारी जळणारच. आबा, आता तरी वहीला कुलूप लावा."

बाहेरगावचे दोघे जण त्या वेळी बाकड्यावर वही उतरवून घेत बसले होते. त्यांनी हळूच पेनाला टोपण लावलं. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं विश्वासाने लिहिलेली वही माझ्या डोळ्यांदेखत खोटी ठरत होती, आणि का ते फक्त मला ठाऊक होतं.

आबांनी वही हातात घेतली. अडतीसचं पान काढलं. उजवं पान पाहिलं, मग डावं. डावं पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानावरून त्यांनी बोट फिरवलं.

"दहा वरीस व्हयनात," ते म्हणाले, "या पानवर कोनी भांडनंच नही."

माझ्याने राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, नवा डीपी, मीटर, चिठ्ठी, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती. अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आजही आठवलं की कान गरम होतात. कोपऱ्यावरचे उस्ताद म्हणाले, "बघा! हे तुमचे लिहिणारे."

आबा त्यांच्याकडे वळले. "नही भाऊ. बठ्ठास्नी लिखं म्हनीसन मोटार नही जळनी. एकनी लिखं नही म्हनीसन जळनी." आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे.

मग माझ्या हातात पेन दिलं. मी म्हणालो, "आबा, आधी मोटार उघडतो, अक्कांचा खोळंबा होतोय."

"पहिले खोड. मंग भर."

मी आबांच्या अडतीसवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. बाजूला चव्वेचाळीस लिहिलं. डाव्या पानावर डीपी, व्होल्टेज, तारीख, माझं नाव लिहिलं. मग आबांनी पेन घेतलं आणि त्याच्या खाली, आपल्या सावकाश अक्षरात लिहिलं, 'आकडा माझा चुकला. इंजिनेरला ठाऊक होतं, माझ्या धाकापायी त्याने खोडलं नाही. मोटार धाकाने जळाली. आबा.'

मी तिथेच, भर रस्त्यावर, चार गिऱ्हाइकांच्या देखत रडलो. लाज वाटली नाही.

मोटार मी भरली, आबांच्या दुकानात, आबांच्या पाटावर बसून. आबा तार सोडत होते आणि मी मोजत असताना कुणी काही विचारलं तर हात वर करून त्याला गप्प करत होते. वॉर्निश वाळवायला भट्टीची गरजच पडली नाही, धुळ्याचं ऊन पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अक्कांबरोबर टेम्पोत बसून गेलो. मोटार बसवली. अक्कांनी स्वतः बटण दाबलं. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग धो धो. आबा मोटारीवर तळहात ठेवून तासभर बसले. मोटार कोमटच राहिली. अक्का दंडावरून ओरडल्या,

"आबा, उद्या पुन्हा जळनी आनी तुम्ही नही सापडनात तं मी कोनाकडे जाऊ?"

"कोनाकडे बी जाय, अक्का. आते बठ्ठास्ले माहीत शे."

आपलं गिऱ्हाईक असं दुसऱ्याच्या दारात घालणारा दुकानदार मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू अक्कांनी त्यांच्या गळ्यात हार घातला होता. अक्कांचा भुईमूग वाचला. पुढे शेंगा निघाल्यावर त्यांनी एक पोतं पाठवलं, अर्धं आबांना आणि अर्धं, न विसरता, 'त्या घाबरट इंजिनेरला'.

परतताना टेम्पोत, धुळं आलं तेव्हा, आबा म्हणाले, "तुनं अक्षर बरं शे. नवी वही कर. उजवा पानवर कोनंच नाव नको."

मी म्हटलं, "नाव काढलं तरी अक्षर ओळखू येईल ना?"

"म्हनीसन तं तू लिख. बठ्ठं एकच हातनं."

मारवाडी दुकानदाराकडून लांबट वही आणली आणि महिनाभर सगळे आकडे माझ्या हाताने उतरवले. आबांचा, खलीलभाईंचा, माझा, सगळे एका अक्षरात, एका रांगेत, बिननावाचे. कुणाचा आकडा कोणता, हे माझ्याखेरीज कुणाला सांगता आलं नसतं. जुनी वही आबांनी आत ठेवून दिली. नवी खिळ्याला टांगली आणि दर वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मी ती पुन्हा नव्याने उतरवू लागलो, म्हणजे मधल्या काळात पडलेली अक्षरंही पुसली जात. डावं पान आधी महिन्याला एखादं भरायचं, ते आता आठवड्याला भरू लागलं. इतकी भांडणं ओळीत आधी कधी झाली नव्हती आणि मोटारीही इतक्या टिकल्या नव्हत्या.

दोनेक वर्षांनी पिंपळनेरचा एक जण आला. नवीन दुकान टाकलेलं, आवाज मोठा, कुणाची ओळख नाही, पाळख नाही. बाकड्यावर बसून तो वही चाळत होता. एका पानावर थांबला, खिशातली चिठ्ठी काढून ताडून पाहिलं आणि सुतळीचं पेन ओढून फर्रकन रेघ मारली.

"हाऊ आकडा कोनता येडानी लिखेल शे?" त्याने विचारलं. "मन्या तीन मोटारी जळन्यात!"

मी वाकून पाहिलं. तो आबांचा आकडा होता. जुन्या वहीच्या पहिल्या पानावरचा, भंगारातली टोकं मोजून वेचलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा पाटावरून उठून आले. त्यांनी दोरा बांधलेला चष्मा लावला, डाव्या पानावरचं कारण सावकाश वाचलं, एकदा, दोनदा.

"बराबर शे," ते म्हणाले.

आणि माझ्याकडे वळून, डोळे मिचकावून, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.